मधल्याची उंची

माझी मावशी डोंगर मोजायची आणि आयुष्यात एकही डोंगर चढली नाही. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक हसतात. मावशीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. तिच्या मते डोंगर चढणाऱ्याला आपण किती दमलो एवढंच कळतं. उंची कळायची तर खाली टेबलाशी बसावं लागतं.

ती नकाशा कचेरीत गणक होती. बाहेर गेलेले लोक दुर्बिणीतून शिखरांचे कोन मोजून वहीत लिहून आणायचे आणि त्या कोनांवरून उंची काढायचं काम गणकांचं. दुसऱ्या मजल्यावर दोन लांब खोल्या, एकेका खोलीत सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक हाताने फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र आणि एक जाडजूड कोष्टकांचं पुस्तक. बोलायची मनाई. मावशी एकविसाव्या वर्षी तिथे लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिची खुर्चीसुद्धा बदलली नाही. तिचा कागद चुकला म्हणून परत आला असं एकदाही झालं नाही, म्हणून कचेरीत तिला सगळे 'पक्की' म्हणायचे. माझ्या आईला, म्हणजे मावशीच्या मोठ्या बहिणीला, हे नाव मुळीच आवडायचं नाही. बाईमाणसाला पक्की म्हणतात म्हणजे काय, ती काय खिडकीची कडी आहे, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली.

आमच्या शहराच्या उत्तरेला साठ मैलांवर तो मुलूख सुरू होतो. रस्ता नाही, वस्ती नाही. कडे, बर्फ आणि माणसाला उभं राहू न देणारा वारा. मेंढपाळसुद्धा उन्हाळ्यातले दोनच महिने तिकडे फिरकतात. तिथली पाच शिखरं सगळ्यांत उंच: थोरला, मधला, धाकटा, एकांडा आणि नकटा. नावं मेंढपाळांनी ठेवली, त्यामुळे त्यांत भव्य वगैरे काही नाही. थोरला सगळ्यांत उंच हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग अडतीस वर्षांपूर्वी कचेरीने नवा नकाशा काढला आणि मधला दोन फुटांनी उंच निघाला. थोरला चौदा हजार दोनशे एकतीस, मधला चौदा हजार दोनशे तेहतीस. शाळेत हे आकडे आमच्याकडून पाठ करून घेतले. मधल्याची उंची माझ्या मावशीने काढली आहे असं मी वर्गात सांगितलं, तर बाईंनी मला थापाडी म्हणून तासभर उभं केलं. त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी मावशीकडे कचेरीचं पत्र आलं. पाचही शिखरं उपग्रहाच्या मदतीने नव्याने मोजायची ठरली होती. हेलिकॉप्टरने माणसं वर उतरणार, शेंड्यावर यंत्र ठेवणार, आणि अठरा तारखेला कचेरीच्या सभागृहात नव्या उंच्या जाहीर होणार. जुन्या गणकांनी पुढच्या रांगेत बसावं अशी विनंती होती. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, ते पत्र मोठ्याने वाचलं आणि फ्रिजला लावून ठेवलं. काकाही त्याच कचेरीत गणक होते. मावशीच्या खोलीत नाही, पलीकडच्या.

त्या दिवसापासून मावशीच्या पायाला भिंगरी लागली. बहात्तर वर्षांची बाई सकाळी उठली की स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. चहा ठेवायची आणि विसरायची. दाराला कुलूप लावून जिना उतरायची, पुन्हा चढून कुलूप ओढून बघायची. पेपर वाचायला घेऊन पहिल्याच पानावर थांबायची. काकांनी बरं नाही का विचारलं की खेकसायची. काका 'बरं' म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे, त्यामुळे त्या महिन्यात दोन झाडं सडली.

एक दिवस ती माझ्या दुकानात आली. मी शाळेचे गणवेश शिवते. शाळा सुरू व्हायला दीड महिना होता, चाळीस स्कर्टांच्या चुण्या घालायच्या राहिल्या होत्या आणि अशा दिवसांत माझ्याशी कुणी बोलायला आलं की माझं डोकं फिरतं. मावशी स्टुलावर बसली. उठली. खडू उचलला, जागेवर ठेवला, कात्री उघडली, मिटली. शेवटी मी मशीन थांबवलं आणि तिला सरळ विचारलं की काय ते एकदाचं सांगून टाक, माझा जीव खाऊ नकोस.

तिने सांगायला सुरुवात केली ती कचेरीच्या नियमापासून, कारण तिला कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही. तिथे प्रत्येक उंची दोघांनी काढायची. दोघं वेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचा कागद बघायचा नाही. दोन्ही कागद हेडक्लार्ककडे जायचे. आकडे जुळले तर नकाशावर. नाही जुळले तर कोण चुकलं हे कुणी विचारायचं नाही, वही सरळ तिसऱ्याकडे. एवढीच काय ती कचेरीची श्रद्धा. एकट्याचं गणित कितीही बरोबर असो, दुसऱ्याने वेगळं बसून तेच काढल्याशिवाय ते गणितच नाही.

मधल्याच्या वेळी तिच्या जोडीला काका होते. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, पण कचेरीत कुणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर जोडी मोडली असती. नवराबायकोने एकमेकांना तपासायचं नाही, असाही नियम होता. त्याच आठवड्यात काकांचे वडील हॉस्पिटलमध्ये अखेरच्या घटका मोजत होते. नकाशा छापायला जायचा होता, शनिवारी कागद हवे होते. काका दिवसभर वॉर्डात, आणि त्यांचा कागद कोरा. शुक्रवारी ते तासभर कचेरीत आले तेव्हा मावशीने आपला पूर्ण केलेला कागद वर्तमानपत्रात घालून कँटीनच्या टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाली, उतरवून घ्या, एवढा एकच. शनिवारी दोन्ही कागद जुळले. जुळणारच की.

"म्हणजे मधला कुणी तपासलाच नाही," मावशी म्हणाली. "अडतीस वर्षं तो माझ्या एकटीच्या शब्दावर उभा आहे."

मी म्हटलं, मग आता उपग्रह तपासतोच आहे, तू कशाला जीव टांगणीला लावून घेतेस. त्यावर ती असं काही बघायला लागली की मी शाळेतल्यासारखी उभी राहिले. अठरा तारखेनंतर तपासणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं, असं तिचं म्हणणं. त्याच्या आत कुणीतरी तेच कोन घेऊन, वेगळ्या खोलीत बसून, तिला न विचारता उंची काढायला हवी. मग ती चूक निघो की बरोबर, ती पुढच्या रांगेत बसायला तयार होती. तशीच जाऊन बसणं तिला जमणार नव्हतं. आणि हे कुणीतरी म्हणजे मी.

मी दहावीला गणितात दोनदा आपटले होते. तिला हे माहीत होतं, कारण दोन्ही वेळा शिकवणी तिनेच घेतली होती. मी म्हटलं, अगं आमच्या धंद्यात दोन सूत इकडेतिकडे झालं तर इस्त्री मारली की बसतं. ती म्हणाली, डोंगराला इस्त्री चालत नाही. मग काकांनाच सांग ना, मी म्हटलं. त्यावर ती पहिल्यांदा शांत बसली. त्यांचे वडील जाता जाता मी त्यांना लबाडी करायला लावली, म्हणाली. ते विसरलेत. त्यांना आठवण करून द्यायची नाही.

मला तिची दया आली आणि रागही आला. या बाईने सगळ्या आयुष्यात एकदा नियम मोडला, तोही मरणाऱ्या माणसाजवळ त्याच्या मुलाला बसता यावं म्हणून, आणि त्याची टोचणी ती अडतीस वर्षं चहाबरोबर गिळत होती. आम्ही रोज दहा नियम मोडतो आणि ढाराढूर झोपतो. पण नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. आता तिथे यंत्रांचा घरघराट नाही. गालिचा आहे, आणि माणसं पडद्यांसमोर कानांत इयरफोनची बोंडं घालून बसलेली. रेकॉर्डची खोली तळघरात. तिथल्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी शिंकत शिंकत एक जाड गठ्ठा आणला, वर धूळ, दोरीची गाठ कडक झालेली. त्यात कोनांची वही होती आणि खाली गणकांचे कागदही होते. रेकॉर्डवाल्या बाई ते कागद काढायला लागल्या तशी मावशीने हात आडवा धरला. फक्त वही, म्हणाली. बाईंनी सांगून बघितलं की उत्तर आयतं आहे, कशाला मेहनत. मावशीने पानांच्या प्रती काढायला सांगितल्या, आणि वर येताना जिन्यात मला म्हणाली की हल्ली कुणालाही घेतात.

वहीच्या पानांच्या प्रती घेऊन आम्ही आलो आणि माझी शिकवणी सुरू झाली. सराव धाकट्यावर, म्हणजे मधल्याबद्दल तोंडातून चुकून काही निघायला नको. चौदा ओळींचा तक्ता. शिखरापर्यंतचं अंतर, कोन, त्यावरून वरची उंची. पृथ्वी गोल म्हणून लांबचं शिखर थोडं बुडतं, तेवढे फूट मिळवायचे. हवा नजर वाकवते म्हणून ते थोडं वर उचललेलं दिसतं, तेवढे वजा करायचे. दुर्बीण जिथे लावली त्या जागेची उंची मिळवायची. शेवटची ओळ राशीची. ज्या शिखरावर माणसं पोचली तिथे ती दगडांची रास रचून यायची, लांबून नेम धरायला बरं म्हणून. मग कोन राशीच्या टोकाचा यायचा, आणि राशीची उंची शेवटी काढून टाकायची. थोरल्यावर कुणी पोचलं नव्हतं, तिथे नेम उघड्या खडकावर. मधल्यावर पोचले होते आणि नऊ फुटांची रास रचली होती.

मोबाईल वापरायची परवानगी मला मिळाली, पण प्रत्येक आकडा दोनदा दाबायचा. चौथ्या दिवशी माझा धाकटा बरोबर आला. मावशीने कागद बघितला, हूं केलं आणि मधल्याची पानं माझ्या हातात ठेवून निघून गेली. आता ती मला भेटणार नव्हती. फोनसुद्धा नाही.

मी दुकानाच्या मागच्या कापायच्या खोलीत बसायचे. सकाळी चुण्या, दुपारी मधला. नाकी नऊ आले. तीन ठिकाणांहून मधला मोजलेला, तिन्हींच्या उंच्या काढून सरासरी. पहिलं ठिकाण मी सहा वेळा केलं आणि सहा उत्तरं आली, त्यांतल्या एकात मधला समुद्राच्या खाली गेला. मग मी कापड बेतताना करते तसं केलं, प्रत्येक ओळ कागदावर मोठ्या अक्षरात, खडूच्या खुणा करत. तेव्हा जमलं. चौदा हजार दोनशे एकोणतीस. दुसरं ठिकाण, एकतीस. मला फार आनंद झाला, आणि तो सांगायला कुणी नव्हतं.

एका दुपारी काका पँट आखूड करायला घेऊन आले. ती पँट मीच शिवलेली आणि बरोबर मापाची होती. ते कापायच्या खोलीत डोकावले, टेबलावरचा तक्ता बघितला, आणि त्यांनी काय आहे हे विचारलं नाही.

"कितव्या ओळीवर आहेस?" एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, नवव्या. हवेची, ते म्हणाले. तिथे गडबड करू नकोस, घाई होते. मग पँट विसरून निघून गेले. मावशी म्हणाली होती, ते विसरलेत. हे विसरलेल्या माणसाचं बोलणं नव्हतं. पण मावशीला फोन करायचा नव्हता, आणि केला असता तरी काय सांगणार होते?

तिसरं ठिकाण सगळ्यांत लांबचं, चाळीस मैलांवरचं. तिथे मोजणारा माणूसही वेगळा. अक्षर बारीक, आणि लिहायचा कंटाळा असावा. पहिल्या दोन ठिकाणच्या पानांवर समासात 'रास नऊ फूट' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. इथे थोरला आणि मधला एकाखाली एक, आणि समास दोघांचाही कोरा. माझी उंची चौदा हजार दोनशे एकोणचाळीस आली होती. आता नऊ वजा करायचे की नाही? विचारायची सोय नव्हती. मी तासभर त्या कोऱ्या समासाकडे बघत बसले. मग मला वाटलं, नऊ फुटांचा ढीग आहे तो, वहीतल्या तारखांप्रमाणे मधे तीनच आठवडे गेलेले, तेवढ्यात उठून जाणार कुठे. मोजणाऱ्याने लिहिलं नाही म्हणून दगड काय उतरून खाली येतात? शाळेत पाठ केलेला आकडा डोक्यात येऊ न देता मी नऊ वजा केले. तीस. सरासरीही तीस.

पंधरा तारखेला, रविवारी दुपारी, मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. काका टेबलाशी बसून बटाटे सोलत होते. मावशीला मी त्यांच्यासमोर यायला नको होतं, पण तिच्याने थांबवेना. तिने हात पुढे केला आणि मी कागद दिला.

तिने तो उभ्यानेच वाचला. माझं चुकलंय, हे तिचं पहिलं बोलणं. मग खुर्ची ओढून बसली आणि बोट ठेवून एकेक ओळ खाली आली. पहिलं ठिकाण बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. वहीचं पान दे म्हणाली. मी दिलं. तो कोरा समास तिने बघितला, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कागद हिसकावून घ्यावा आणि फाडून टाकावा.

मग तिने सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, जणू हेडक्लार्क समोर बसलाय. थोरला आणि मधला एकाखाली एक होते. थोरल्याला काही वजा करायचं नव्हतं, त्याच ओघात तिने मधल्यालाही केलं नाही. तिसऱ्या ठिकाणची उंची बाकीच्यांपेक्षा आठ-दहा फूट वर आली हे तिला दिसलं होतं. पण ठिकाण लांबचं, हवा नजर वाकवते, तेवढा फरक चालायचा. तिने तो हवेवर ढकलला. नऊ फूट एका ठिकाणी राहिले, सरासरीत तीन झाले, आणि मधला त्या तीन फुटांच्या जोरावर अडतीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

काका सोलत होते. मावशी त्यांच्याकडे वळली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"तुम्हाला मी उतरवून घ्यायला लावलं," ती म्हणाली. "लावलं नसतं तर तुम्हाला हे दिसलं असतं."

काकांनी सुरी खाली ठेवली. "मी केलं होतं."

"काय?"

"गणित. तू कागद द्यायच्या आधीच. वॉर्डाबाहेर बाकावर बसून. दोन दिवस लागले."

"किती आलं?"

"तीस."

गॅसवर काहीतरी उकळत होतं ते मी उठून बंद केलं, कारण दोघांनाही ऐकू येत नव्हतं. काकांनी मग जे सांगितलं ते त्यांच्या मानाने खूप होतं. तिचा कागद बघितला तेव्हा त्यावर तेहतीस होतं. त्यांच्या मनात आलं, आपण हॉस्पिटलात बसून केलंय, झोप नाही, लक्ष नाही. आणि ती तर पक्की. तिचं कधी चुकलेलं नाही. म्हणजे आपलंच चुकलंय. त्यांनी आपला कागद फाडला आणि तिचा उतरवला. तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तिला वाटलं असतं आपण तिच्यावर शंका घेतो.

दोन उत्तरं वेगळी आली आणि ती दाबली, यापेक्षा मोठा गुन्हा त्या कचेरीत नव्हता. कागद न तपासणं त्यापुढे काहीच नाही. हे मला शिवणकाम करणारीला कळत होतं, तर मावशीला किती कळलं असेल! पण ती ओरडली नाही. ती उठली, ड्रॉवरमधून कागद काढला आणि म्हणाली की आत्ताच्या आत्ता कचेरीला पत्र लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या, अठराच्या आत पोचलं पाहिजे.

"तू म्हणशील तसं," काका म्हणाले.

ते पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नेऊन दिलं. अठरा तारखेला सभागृहात निकाल लागला आणि थोरला मधल्यापेक्षा सव्वा फुटाने उंच निघाला. साहेबांनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि लोकांनी उगीचच टाळ्या वाजवल्या. शाळेच्या पुस्तकांत आता नवे आकडे येतील. हे सगळं झालं ते ठीकच झालं. पण मी त्या रविवारबद्दल सांगते आहे, त्या स्वयंपाकघराबद्दल.

'तू म्हणशील तसं' हे काकांचं नेहमीचंच. आमच्या घरात त्यावरून त्यांची थट्टा चालायची. आई म्हणायची, माझ्या बहिणीने नवरा केला नाही, होकार घरी आणला. मावशीनेही ते हजार वेळा ऐकलं असेल. त्या दुपारी मात्र तिचं लिहिणं थांबलं. पेन तसंच हातात धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, गॅलरीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मला वाटलं पत्राचा मजकूर जुळवतेय.

परत येऊन तिने विचारलं, हे घर घेतलं तेव्हा? काका म्हणाले, घर चांगलं आहे. तसं नाही, ती म्हणाली, तुम्हाला नदीपलीकडचं हवं होतं का? काकांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले, तिथे उजेड जास्त होता. आणि राजधानीतली बदली? ती नको होती, काका म्हणाले, ते तुझं बरोबर होतं. मावशी एकेक विचारत होती आणि मला उठून जायला हवं होतं, पण दार तिच्या पाठीमागे होतं.

मग ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे त्या गोष्टीचं एकच ठरलेलं उत्तर होतं: दोघांनी मिळून ठरवलंय. पाहुण्यांना तेच, शेजाऱ्यांना तेच. मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायचे तेव्हा मलाही तेच सांगितलं होतं.

"डॉक्टर म्हणाली होती, ठरवायचं तर याच वर्षी ठरवा," मावशी म्हणाली. "मी घरी येऊन तुम्हाला सगळं मांडून दाखवलं. माझं वय, नोकरी, घरात दुसरं कुणी नाही. आणि म्हटलं, मूल नको. तुम्ही म्हणालात, तू म्हणशील तसं."

काकांनी एक बटाटा उचलला आणि परत ठेवला.

"तेव्हा तुमचं वेगळं होतं का?"

"हवं होतं मला," काका म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं नीट मांडलं होतंस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

मावशी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. किती वर्षं वाटत होतं तसं, तिने विचारलं. काका शहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना सहज म्हणता आलं असतं की गेलं ते, आता काय त्याचं. मी मनातून तशी प्रार्थनाच करत होते. पण त्या दिवशी एकदा खरं बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येत नसावं.

"अजून वाटतं," ते म्हणाले.

मावशीने टेबलावरून त्यांचा हात ओढून घेतला, सोललेल्या बटाट्यांनी ओला झालेला, आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. "मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी ऐकलं असतं हो."